सोशल मीडियाची डिझाइन्स फ्रीलान्स करताय? आधी ब्रीफ लिहून घ्या

"एक छान पोस्ट करून द्या ना, अर्जंट आहे" असा मेसेज आला की आपण लगेच सॉफ्टवेअर उघडतो, तर ते आधी थांबवा. मी सुरुवातीला हेच करायचे, एका कामाची अकरा व्हर्जन्स केली आणि मग कळलं की त्यांना पोस्ट नकोच होती, स्टोरी हवी होती. तेव्हापासून ब्रीफ लिहून घेतल्याशिवाय मी आर्टबोर्डला (सॉफ्टवेअरमधल्या कोऱ्या पानाला) हातच लावत नाही.

ब्रीफ म्हणजे फार काही नाही, पाच-सहा प्रश्न. हे कोणासाठी आहे, बघून त्या माणसाने काय करायचंय (फोन, लिंक, की नुसतं लक्षात ठेवायचं), कुठे कुठे टाकणार, मजकूर कोण देणार, कधी हवंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फायनल ओके कोण देणार? दोन पार्टनर असतील आणि एकाने ओके दिल्यावर दुसरा उगवला की तुमचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून, म्हणून एकच नाव ठरवून घ्या. क्लायंटने व्हॉइस नोट पाठवली तरी तुम्ही ते टाइप करून परत पाठवा, "असं ठरलंय, बरोबर ना?" म्हणून.

पैशाचं पण त्याच मेसेजमध्ये लिहा. अर्धे आधी, दोन वेळा करेक्शन फ्री, तिसऱ्यापासून चार्ज, ओपन फाइल (बदल करता येईल अशी मूळ फाइल) हवी असेल तर वेगळे पैसे. हे बोलायला लाज वाटते मला माहितीये, पण काम झाल्यावर बोलण्यापेक्षा आधी बोललेलं दोघांनाही सोपं जातं. करेक्शन्स एकत्र एकाच मेसेजमध्ये मागायची, सुटी सुटी आली की एक राउंड कुठे संपला तेच कळत नाही. "जरा पॉप होत नाहीये" असं कोणी म्हणालं तर चिडू नका, त्यांना डिझाइनची भाषा येत नाही एवढंच, आवडलेल्या दोन आणि न आवडलेल्या दोन पोस्ट मागवा, लगेच अंदाज येतो.

आता साइज. इन्स्टाग्राम फीडला १०८० बाय १३५० पिक्सेल घ्या, चौकोनी १०८० बाय १०८० पेक्षा फोनवर जास्त जागा मिळते. जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलची ग्रिड (पोस्टच्या छोट्या चित्रांची मांडणी) पण चौकोनी राहिली नाही, उभी झालीये, त्यामुळे तिथे दिसणारे जुने कव्हर्स एकदा तपासा. स्टोरी आणि रील कव्हर १०८० बाय १९२०, वर-खाली बरीच जागा मोकळी सोडा कारण तिथे नाव आणि बटणं येतात. यूट्यूब थंबनेल १२८० बाय ७२०, उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नका, तिथे व्हिडिओची वेळ दिसते. आणि एकच डिझाइन कापून सगळीकडे चिकटवायचं नाही, प्रत्येक साइजला मांडणी परत करायची.

कलर मोड आरजीबीच (स्क्रीनसाठीचा), सीएमवायके प्रिंटसाठी. टेक्स्ट आणि लोगो जास्त असेल तर पीएनजी, फोटो असेल तर जेपीजी.

देवनागरीसाठी थोडं जास्त सांगते कारण इथे फार हेळसांड होते. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा, वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमधलं वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. मुक्त (Mukta), बलू (Baloo) हे फॉन्ट ओपन लायसन्सचे आहेत, क्लायंटच्या कामात बिनधास्त वापरा, बाकी कुठलाही फॉन्ट किंवा फोटो घेताना लायसन्स वाचाच. आणि शुद्धलेखन दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या, आपल्या डोळ्यांना आपली चूक दिसत नाही.

पाठवण्याआधी डिझाइन स्वतःच्या फोनवर टाका, ब्राइटनेस कमी करा, हात लांब करून बघा. मुख्य ओळ वाचता येत नसेल तर फॉन्ट मोठा करण्याआधी शब्द कमी करा, बहुतेक वेळा मजकूरच जास्त असतो.

पोर्टफोलिओला (कामाचे नमुने दाखवायला) अजून क्लायंट नसतील तर एखादा काल्पनिक ब्रँड घेऊन सहा पोस्टचा एक सेट करा, आणि खाली सराव म्हणून केलंय असं स्पष्ट लिहा. सुट्या पन्नास पोस्टपेक्षा एक सलग सेट चांगला, क्लायंटला महिनाभराचं काम सांभाळू शकाल का तेच बघायचं असतं.

पोस्ट गेल्यावर आठवड्याने रीच (किती जणांनी पाहिली) आणि सेव्ह (किती जणांनी जपून ठेवली) किती झाले ते क्लायंटला विचारा, पुढच्या डिझाइनचं ब्रीफ लिहिताना तेच आकडे समोर ठेवा.