आरोग्यसेवेच्या विद्यार्थ्यांची चाचणी बेळगाव भागात कशी घ्यावी

चाचणीची सुरुवात खाटेपाशी करावी: खानापूरकडची मराठी किंवा गोकाककडची कन्नड आजी समोर आहे असे मानून विद्यार्थ्याने तिच्या भाषेत नाव विचारावे, ते केसपेपरशी ताडावे आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा, प्रौढांत तो साधारणपणे १२ ते २० असतो. कोडिंगसाठी, म्हणजे आजाराला ठरलेला संकेत देण्यासाठी, नुसते निदान न देता संपूर्ण केसपेपर द्यावा. टाइप २ मधुमेहामुळे मूत्रपिंडाची गुंतागुंत नोंदलेली असताना आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीतील ई११.२ (मूत्रपिंडाच्या गुंतागुंतीसह) ऐवजी ई११.९ (गुंतागुंतीशिवाय) लिहिणाऱ्यास गुण देऊ नयेत. पाठांतर नेमके इथेच उघडे पडते. बिलिंगला एकच प्रश्न पुरे: आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत मिळते, तर एपीएल (दारिद्र्यरेषेवरील) रुग्णाला पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, ३० टक्केच, मग रेशनकार्ड आधी का पाहावे?