संपवलेला गेम पुन्हा खेळून प्रामाणिक मत कसे बनवावे

गेम संपताच बनलेले मत बहुधा शेवटच्या दृश्याच्या प्रभावाखाली असते. म्हणून ‘शॅडो ऑफ द कोलोसस’सारखा, महाकाय प्राण्यांना एकेक करून मारण्याचा व्हिडिओ गेम दुसऱ्यांदा खेळल्याशिवाय त्याविषयी लिहू नये, असे मला ठामपणे वाटते. हा गेम २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला आणि २०१८ मध्ये ब्लूपॉइंट या गेम स्टुडिओने तो प्लेस्टेशन ४ साठी नव्याने घडवला, त्यामुळे आपण कोणती आवृत्ती खेळलो हे आधी नोंदवावे.

दुसऱ्या फेरीसाठी हार्ड मोड (अधिक कठीण पातळी) निवडावा. १६ महाकाय प्राण्यांना कसे पाडायचे हे आता ठाऊक असते, म्हणून ते कोडे सुटल्यावर लढतीत काय उरते हेच तपासावे. या कसोटीवर १३वी लढत मला सर्वश्रेष्ठ वाटते: उडत्या प्राण्याच्या पोटाखालच्या पिशव्या बाणांनी फोडून, तो खाली येताच घोडा त्याच्या बरोबरीने दौडवत पंखावर झेप घेण्यातला थरार उत्तर माहीत असूनही कमी होत नाही. याउलट, ११व्या लढतीत प्राण्याला मशालीच्या आगीने घाबरवण्याची युक्ती कळल्यावर फारसे काही शिल्लक राहत नाही.

गेममधल्या कॅमेऱ्याचा, म्हणजे दृश्य दाखवणाऱ्या कोनाचा, त्रास नव्या आवृत्तीतही जाणवतो आणि गेम कितीही आवडता असला तरी तो दोष स्पष्ट लिहावा. तलवारीच्या प्रकाशाने दिशा शोधत रिकाम्या माळरानावरून केलेला प्रवास मात्र घाईने उरकू नये, कारण पुढच्या हत्येचे ओझे तिथेच मनावर चढत जाते. प्रत्येक लढतीनंतर दोन ओळी लगेच टिपून ठेवाव्यात.