साडेआठची प्रार्थना: उत्तर येत नसताना काय करावं

जून 2013 मध्ये माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. नोव्हेंबर 2018 मध्ये ते गेले. मधली साडेपाच वर्षं मी रोज एकच मागत होते: प्रभू, यांना बरं कर. ते बरे झाले नाहीत. मी आजही दर रविवारी उपासनेला जाते, आजही प्रार्थना करते. मंडळीतल्या तरुण बायका विचारतात, "मावशी, तुम्हाला हे जमलं कसं?" त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगते, ते इथे सलग लिहिते आहे. मी पाळक नाही. नगर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत एकतीस वर्षं सिस्टर होते, तेव्हा सांगण्याची पद्धतही तशीच असणार.

आधी एक वही आणा. शंभर पानी पुरते. तीन रकाने आखा: तारीख, काय मागितलं, काय झालं. मागणी नेमकी लिहा. "आमच्या घरावर तुझी कृपा असू दे" ही मागणी चांगली आहे, पण ती पूर्ण झाली की नाही हे कळायला मार्ग नाही. "यांचा पोटॅशियमचा रिपोर्ट शुक्रवारी नीट येऊ दे" असं लिहिलं की शनिवारी काहीतरी लिहिता येतं. वर्षभरानं मला वाटायला लागलं होतं की देवानं आपलं एकही ऐकलं नाही. वही उघडली तर बारा-पंधरा ओळींपुढे "झालं" असं माझ्याच अक्षरात होतं. एकदा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, बंद पडेल असं डॉक्टर म्हणाले होते, तो पडला नाही. दिवाळीच्या गर्दीत पुण्याच्या गाडीत यांना बसायला जागा मिळाली. दुखणाऱ्या मनाला हे आठवत नाही, म्हणून लिहून ठेवायचं.

आणि दुसरी बाजू. मोठ्या मागणीपुढचा रकाना कोरा असेल तर तो कोराच राहू द्या. तिथे "देवाची काहीतरी योजना असेल" असं घाईनं भरू नका. योजना असेलही, पण ती तुम्हाला अजून दाखवलेली नाही, आणि न पाहिलेली गोष्ट वहीत लिहायची नाही. वॉर्डात आम्ही ताप न मोजता चार्ट भरत नव्हतो.

कोऱ्या रकान्याचं करायचं काय? देवाला विचारायचं, तेही मोठ्यानं. आपल्याकडे असं शिकवतात की प्रार्थना म्हणजे आधी उपकारस्तुती, मग नम्र विनंती, शेवटी आमेन. पण पवित्र शास्त्रातलं स्तोत्र 13 काढून पाहा. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र 22 ची सुरुवात, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", हीच ओळ प्रभूनं वधस्तंभावर म्हटली. आणि स्तोत्र 88 तर सुरू होतं रडण्यानं आणि संपतं अंधारात. शेवटी आशेचा एकही शब्द नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं आहे. डायलिसिस विभागाच्या बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून मी ते कितीदा वाचलं असेल याची मोजदाद नाही. त्या बाकावर दुसरं कुठलं स्तोत्र माझ्या तोंडी बसत नव्हतं.

हे वाचताना ओठ हलवा, आवाज काढा. मनातल्या मनात वाचलं की डोकं भरकटतं आणि हिशेब मांडत बसतं. पवित्र शास्त्रातली हन्ना मूल मागत होती, तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटलं ही बाई प्यायलेली आहे. तिला तिथल्या तिथे खरं सांगावं लागलं की मी मन मोकळं करते आहे. तुम्हालाही कुणीतरी तसं बोलेल. बोलू द्या.

आता वेळेबद्दल. पहाटे चारला उठून तासभर गुडघे टेकण्याचा नेम दुःखाच्या काळात टिकत नाही, आणि मोडला की अपराधी वाटतं, मग माणूस प्रार्थनाच टाळायला लागतं. त्यापेक्षा रोज हातून घडणाऱ्या एखाद्या कामाला प्रार्थना बांधून टाका. माझं काम होतं फिस्टुला तपासण्याचं. यांच्या डाव्या मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडलेली होती, तिथूनच डायलिसिसच्या सुया जायच्या. रात्री साडेआठला जेवणं उरकली की मी तिथे दोन बोटं ठेवायची. रक्त नीट वाहत असलं की बोटांखाली थरथर लागते, मांजर मांडीवर गुरगुरतं ना, तशी. ती थरथर लागली नाही तर लगेच दवाखाना गाठायचा असतो. ती लागेपर्यंत मी श्वास रोखलेला असायचा. लागली की बोटं न उचलता प्रार्थना. कधी पाच मिनिटं, कधी नुसतं "प्रभू, आहेस ना?" एवढंच. हे डोळे मिटून बसायचे. भांडी घासताना, मुलाचा डबा भरताना, एसटीची वाट पाहताना, कुठेही बांधा. पण जागा एक ठेवा.

लोक काय म्हणतील, याची तयारी ठेवावी लागते. सगळ्यात लागणारं वाक्य म्हणजे, "विश्वास कमी पडतोय." दुसरं, "एकदा मागितलं की झालं, परत परत मागणं म्हणजे अविश्वास." हे दुसरं ऐकलं की मत्तयाचा 26 वा अध्याय उघडा. गेथशेमाने बागेत, दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रभूनं तीनदा प्रार्थना केली, आणि तिसऱ्या वेळी "त्याच शब्दांनी" केली असं तिथे लिहिलं आहे. प्याला टळला नाही. प्रेषित पौलानंही आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे," आणि काटा तसाच राहिला. या दोघांचा विश्वास कमी पडला होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? लूकच्या 18 व्या अध्यायातली विधवा तर न्यायाधीशाला हैराण करून सोडते, आणि प्रभू तिचंच उदाहरण देतो, की सर्वदा प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये. तेव्हा तेच ते मागायला लाजू नका.

इथे सिस्टर म्हणून एक गोष्ट ठणकावून सांगते. आमच्या घरी एक प्रार्थनेसाठी येणारे गृहस्थ यांना म्हणाले होते, "मशीन सोडा, तेव्हा देव काम करील." किडनी बंद असलेल्या माणसानं डायलिसिस सोडलं तर अंगात पाणी साचतं, फुप्फुसात भरतं, पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. त्याला महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात. मी त्यांना चहा दिला आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, टीबीची औषधं, मनाच्या आजाराची औषधं, यांतलं काहीही प्रार्थनेसाठी बंद करायचं नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

ऑगस्ट 2017 मधल्या एका रात्रीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच शिकले. मला मधुमेह असल्यामुळे माझी किडनी यांना चालत नव्हती. मेंदू मृत झालेल्या दात्याकडून मिळणाऱ्या किडनीसाठी यांचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. रात्री पावणेबाराला फोन आला: किडनी आहे, लगेच निघा. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शेजाऱ्यांनी गाडी काढली. शिरूर मागे पडेपर्यंत मी स्तुतीची गीतं म्हणत होते. वहीतला तो रकाना आज भरणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. अशा वेळी एका किडनीसाठी एकाहून जास्त रुग्णांना बोलावतात आणि क्रॉसमॅच करतात, म्हणजे कुणाचं रक्त त्या किडनीशी जुळतं ते तपासतात. यांना आधी बऱ्याचदा रक्त चढवलं होतं, त्यामुळे शरीरात विरोधी द्रव्यं तयार झालेली, ती या किडनीशी जुळेनात. पहाटे पाचला कळलं. किडनी दुसऱ्याला गेली.

बाहेर व्हरांड्यात त्या दुसऱ्या माणसाची बायको उभी होती. माझ्याहून लहान, कडेवर पोर. तिला ऑपरेशनचं नुकतंच कळलं होतं आणि ती मोबाईलवर कुणाला तरी रडत सांगत होती. मी तिथे उभी राहिले आणि मला काहीही मागता येईना. देवाचा रागसुद्धा येईना, नुसतं रिकामं. आमचे हे खुर्चीवरून म्हणाले, "त्याच्यासाठी प्रार्थना कर. कुणीतरी करायला पाहिजे." मी केली, दात चावून केली. मनापासून होती असं म्हणणार नाही. परतीच्या वाटेवर हे झोपले होते आणि माझी बोटं यांच्या मनगटावर होती.

त्यानंतर तीन महिने माझ्याच्यानं प्रार्थना झाली नाही. बोटं ठेवायची, शब्द यायचे नाहीत. असं झालं तर काय करायचं ते नीट वाचा, कारण इथेच माणसं गळतात. एक, कुणा एकाला ठरवून सांगा. "माझ्यासाठी प्रार्थना करा" असं मोघम नको, "मला जमत नाहीये, माझ्या जागी तुम्ही करा, रोज साडेआठला" असं सांगा. मी महिला मंडळातल्या एका वयस्कर मावशींना सांगितलं. त्या कारण विचारत बसल्या नाहीत. रात्री साडेआठला मिस्ड कॉल द्यायच्या, म्हणजे झाली. रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात आहे की शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा कण्हून मध्यस्थी करतो. मला तो मिस्ड कॉलमधून ऐकू यायचा. दोन, उपासना चुकवू नका. मागच्या बाकावर बसा, गीत म्हणू नका, संपताच निघून जा, पण प्रभुभोजन घ्या. भाकरीसाठी हात पुढे करायला शब्द लागत नाहीत. तीन, झोप उडाली, अन्न जाईना, जगणं नको वाटू लागलं, तर तो विश्वासाचा प्रश्न समजू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 वर दिवसरात्र फोन लागतो, पैसे पडत नाहीत.

स्पष्ट "नाही" आलं, तर? पवित्र शास्त्रातल्या दावीद राजाचं मूल आजारी होतं तेव्हा तो सात दिवस जेवला नाही, जमिनीवर पडून राहिला. मूल गेल्याचं कळल्यावर तो उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, देवाच्या घरी जाऊन नमन केलं, मग घरी येऊन जेवायला मागितलं. मी यांच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी या ओळी यादीसारख्या वापरल्या: अंघोळ, धुतलेली साडी, देवळात दहा मिनिटं, पिठलं-भाकरी. दुःख गेलं नाही, पण दिवस पार पडला. वहीतल्या त्या ओळीपुढे मी "नाही" असं लिहिलं आणि तारीख घातली. मग त्याच पानावर खाली नवीन मागणी लिहिली. "यांना बरं कर" आता उरली नव्हती, आणि तिच्या जागी काहीच नाही असं मला ठेवायचं नव्हतं.

त्या दिवसांत मला पंडिता रमाबाईंचा फार आधार वाटला. आमच्याकडून त्यांचं दौंडजवळचं केडगाव काही लांब नाही. 1883 मध्ये त्या डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण झालंच नाही. पुढे केडगावला निराधार बायका-मुलांसाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. लेक मनोरमा हे काम पुढे नेईल अशी आशा होती, ती 1921 मध्ये आईच्या आधी गेली. बाईंनी आयुष्यात किती "नाही" ऐकले असतील! तरी त्या शेवटपर्यंत पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. लेक गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत ज्या देवानं मागितलेलं दिलं नाही त्याचेच शब्द एकेक करून मराठीत उतरवताना त्यांच्या मनात काय येत असेल, याचा मी पुष्कळ विचार करते.

माझी आताची मागणी मुलाची आहे. वडील गेल्यापासून तो देवळात पाऊल ठेवत नाही. "आई, तू मागून मागून काय मिळालं?" असं त्यानं एकदा विचारलं, त्यानंतर हा विषय आमच्यात निघत नाही. मी त्याला वचनं पाठवत नाही, नाताळला आग्रह करत नाही. हेही करून पाहा: ज्याच्यासाठी मागता त्याला सारखं ऐकवू नका, देवाला ऐकवा. तो रविवारी फोन करतो, मी त्याच्या गुडघ्याचं विचारते, नातीला गोष्ट सांगते.

रात्री साडेआठला आता मी माझंच डावं मनगट धरते. तिथे थरथर नाही, नाडी आहे. वहीत त्याची ओळ दर महिन्याला पुन्हा लिहिते, तिसरा रकाना कोरा. काल पेनातली शाई संपली, म्हणून तारीख पेन्सिलीनं घातली.