ओबीएमच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतंय? सील बदलायच्या आधी लीक शोधा

आमच्याकडे मालवण-देवबागच्या बाजूला आउटबोर्ड इंजिनाला सगळे ओबीएमच म्हणतात, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढल्या की पहिलं काम म्हणजे खालच्या गिअरबॉक्सचं ऑइल बघणं. ऑइल दुधाळ निघालं की बहुतेक जण सरळ पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टचं सील, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, बदलतात आणि मोकळे होतात. माझ्या होडीला हे दोनदा झालं, दोन्ही वेळा महिनाभरात ऑइल परत पांढरं, शेवटी हवा भरून बघितलं तर पाणी गिअर बदलायच्या रॉडच्या सीलमधून येत होतं, पंख्याकडचं सील एकदम ठणठणीत. म्हणून सांगतो, आधी टेस्ट, मग पाना.

सुरुवात ऑइलपासून. इंजिन रात्रभर उभं ठेवा, म्हणजे पंखा खाली आणि इंजिन सरळ, पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं. सकाळी गिअरबॉक्सचा खालचा, ऑइल काढायचा स्क्रू थोडासाच ढिला करा आणि पहिले थेंब पांढऱ्या वाटीत घ्या. आधी स्वच्छ पाणी टपकलं आणि मागून ऑइल आलं तर पाणी आत आहेच. सगळं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गिअरमध्ये घुसळलं गेलंय. नुसतं काळपट पण पारदर्शक ऑइल म्हणजे जुनं झालंय एवढंच. मग वरचा स्क्रूही काढा आणि सगळं ऑइल उतरू द्या. खालच्या स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लगद्यासारखा थर चालतो, पण बोटाला टोचणारे लोखंडाचे तुकडे असतील तर गिअर किंवा बेअरिंग गेलंय, मग प्रश्न नुसत्या सीलचा राहत नाही.

एक फसवणूक नेहमी होते. पंख्याच्या बोसामागे, म्हणजे मधल्या गोल भागामागे, काळं चिकट ऑइल दिसलं की लोक म्हणतात गिअर ऑइल गळतंय. बऱ्याच इंजिनांचा धूर पंख्याच्या मधूनच बाहेर पडतो आणि टू-स्ट्रोकमध्ये न जळलेलं ऑइल तिथे साचतं. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, बोटाला लावून वास घेतला की फरक कळतो.

आता खरी टेस्ट. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढा, स्पार्क प्लगच्या वायर काढा, मग पंखा उतरवा. शाफ्टवर तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) गुंडाळलेला आहे का ते नीट बघा, सील खराब होण्याचं आमच्याकडचं हे मोठं कारण आहे, तंगूस हळूहळू आत शिरतो आणि सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, कापतो. खालच्या स्क्रूच्या भोकात बसेल असा नट-नळीचा जोड लागेल, प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे म्हणून जुना स्क्रू घेऊन लेथवाल्याकडे जा, तो करून देतो. त्याला गेजवाला सायकलचा हातपंप जोडा. वरचा स्क्रू नवीन वॉशर घालून घट्ट बंद. कंप्रेसर अजिबात लावू नका, एका झटक्यात सील जागचं हलतं.

आधी ३ ते ५ पीएसआय (गेजवरचं हवेच्या दाबाचं माप) एवढीच हवा भरा. कमी दाबाने का, तर झिजलेलं सील जास्त दाबाखाली शाफ्टवर दाबलं जातं आणि गळती लपते. काटा स्थिर राहिला तर १० ते १२ पीएसआयपर्यंत जा, त्याच्या वर नको. साबणाचं पाणी फवारा आणि एक जण शाफ्ट हाताने फिरवत राहा, न्यूट्रलमध्ये. गिअरही पुढे-मागे टाकून बघा, काही लीक त्या हालचालीतच दिसतात.

बुडबुडे कुठे येतात तिथे उत्तर आहे. शाफ्टच्या अगदी कडेला आले तर पंख्याकडचं सील. शाफ्टपासून लांब, बेअरिंगच्या गोल घराच्या कडेला आले तर आतली ओ-रिंग (गोल रबरी रिंग). स्क्रूच्या डोक्याभोवती आले तर वॉशर, आणि हे फार वेळा निघतं कारण तोच जुना चेपलेला वॉशर वर्षानुवर्षं वापरतात, दर वेळी नवीन टाका. काटा उतरतोय पण खाली कुठेच बुडबुडा नाही, मग लीक वर आहे, गिअरबॉक्स उतरवायचा, रॉडचं सील बघायचं, आणि वॉटर पंप उघडून त्याच्याखालचं उभ्या शाफ्टचं सील बघायचं. तिथेही नाही तर केसिंगला तडा किंवा खाऱ्या पाण्याने पडलेलं भोक, झिंक (केसिंगऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) संपलेल्या इंजिनात असं होतं.

दाबाला टिकतं पण पाणी येतं, असंही होतं. गिअरबॉक्स चालून गरम होतो, बंद केल्यावर पाण्यात थंड होतो, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. त्यासाठी व्हॅक्यूम पंपाने हवा ओढून उलटी टेस्ट करा.

सील काढण्याआधी जुन्याची तोंडं कुठल्या दिशेला आहेत त्याचा फोटो काढून ठेवा, मॉडेलप्रमाणे वेगळी असतात. शाफ्टवर सील घासायची जागा नखाने तपासा, नख अडकलं तर खाच पडलीय आणि तिथेच बसवलेलं नवीन सीलही फार टिकणार नाही. जोडून झालं की परत हवेची टेस्ट, मगच ऑइल. ऑइल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरून बुडबुड्याशिवाय ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा पटकन.

पार्ट यायला वेळ असेल तर पाणी आत ठेवून इंजिन तसंच पडून ठेवू नका, खारं पाणी बेअरिंगला लगेच गंज लावतं, ऑइल बदलून ठेवा. आणि दुरुस्तीनंतर पहिल्या दोन-तीन फेऱ्या मारून आलात की रात्रभर उभं ठेवून सकाळी खालून चमचाभर ऑइल परत काढून बघा.