पन्नास वर्षांनी वर्ग भरवायचाय? आधी मुली शोधा

आमची दहावी १९७५ ची. नव्या पद्धतीच्या दहावीची ती पहिली परीक्षा, आणि त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही मुलं शाळेतून बाहेर पडली. तुमचीही बॅच तीच असेल तर पहिल्यांदा एवढं ठरवून टाका: एकट्या दहावीला बोलवायचं की दोन्ही वर्गांना. आम्ही एकट्या दहावीला बोलावलं. चाळीसच्या वर माणसं गेली की कुणाचंच कुणाशी धड बोलणं होत नाही, नुसते फोटो निघतात.

मी १९७८ साली टेलिफोन खात्यात लागले, सुरुवातीची वर्षं परगावचे कॉल जोडून द्यायच्या ट्रंक बोर्डावर काढली आणि २०१९ ला निवृत्त झाले. समोरचा माणूस शोधून लाइनवर आणून द्यायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. म्हणून जानेवारी २०२५ च्या मेळाव्याची शोधाशोध आपसूक माझ्याकडं आली. ती कशी केली आणि त्या दिवशी काय सांभाळलं, ते सांगते.

आधीचा एक मेळावा २०१६ मध्ये झाला होता. वर्गात ३१ मुलं, २७ मुली. (सगळ्यांना नातवंडं आहेत, पण आमच्यासाठी मुलं आणि मुलीच.) मुलं आली २४. मुली आलो आम्ही चौघी. त्या दिवशी जो तो म्हणत होता, बायकांना संसारातून वेळ मिळत नाही. मला ते पटलं नाही. ज्यांना बोलावणंच पोचलं नाही त्या येणार कुठून?

मुलं शोधणं सोपं असतं. नाव तेच, आडनाव तेच, कोल्हापुरात तर तालीम सांगितली तरी पुरतं. तालमीच्या कट्ट्यावर विचारलं की घर दाखवायला पोरगं सोबत येतं. मुलीचं तसं नाही. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं जे नाव लिहिलं, तेच पुढं रेशनकार्डावर, मतदार यादीत आणि मुलांच्या दाखल्यावर गेलं. आडनाव बदललं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, आणि आमच्या पिढीत कितीतरी जणींचं स्वतःचं नावही बदललं. फेसबुकवर शाळेतलं नाव टाकून शोधत बसलात तर वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही.

सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरपासून करा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, कशासाठी हवं ते लिहा, शनिवारी शाळा सुटल्यावर जा. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख आणि बहुतेक वेळा वडिलांचा पत्ता मिळतो. तो पत्ता म्हणजे मुलीचं माहेर. मग त्या पेठेत स्वतः जा. फोन करू नका, जा. घर विकलं गेलं असेल, जागी अपार्टमेंट उभी असेल, तरी शेजारी एखादं जुनं किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी असते. तिथं मुलीचं नाव विचारू नका, भावाचं विचारा. भाऊ सापडला की निम्मं काम झालं. आणि हे दिवाळीच्या आधी करा, कारण भाऊबीजेला बहीण येते किंवा तिचा फोन तरी येतोच. मी ऑक्टोबर २०२४ मध्ये अकरा भावांकडं चिठ्ठ्या देऊन आले होते. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात सात जणींचे फोन आले.

पूर्वी ज्यांच्या घरी फोन नसायचा ते शेजारच्यांचा नंबर द्यायचे, कार्डावर कंसात पी.पी. लिहून. मुलींचे आजचे नंबर अजूनही पी.पी.च असतात म्हणा ना: मुलाचा, सुनेचा, जावयाचा. म्हणून पहिलं वाक्य नीट ठरवून ठेवा. हल्ली फसवणुकीचे फोन इतके येतात की अनोळखी आवाज ऐकला की लोक ठेवून देतात. मी एवढंच म्हणायची, "नमस्कार, मी कोल्हापुरातनं बोलते, तुमच्या आईंच्या माहेरची." माहेरची म्हटल्यावर एकानंही फोन ठेवला नाही.

हजेरीपटावर ४३ नंबर असलेली मुलगी इचलकरंजीत सापडली. फोन सुनेनं उचलला. मी तिचं शाळेतलं नाव सांगितलं. सून म्हणाली, "अशा नावाचं इथं कुणी नाही हो, राँग नंबर लागलाय." मी सासरचं आडनाव सांगणार तेवढ्यात मागनं, भांड्यांच्या आवाजातनं, म्हातारा आवाज आला, "अगं थांब, ते माझंच नाव हाय!" त्या घरात तिला ४४ वर्षं झाली होती आणि सुनेनं ते नाव पहिल्यांदा ऐकलं. फोन हातात घेऊन ती काही बोलेना. मीही गप्प राहिले. थोड्या वेळानं म्हणाली, "परत एकदा म्हण की."

तेव्हाच ठरवलं, मेळाव्याच्या दिवशी सगळ्यांना शाळेतल्या नावानंच हाक मारायची. छातीवरच्या बिल्ल्यावर तेच नाव, जाड मार्करनं, मोठ्या अक्षरात, देवनागरीत. खाली बारीक अक्षरात आताचं गाव. सासरचं नाव लिहायचंच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही चार हातांवरून वाचता आलं पाहिजे, एवढं अक्षर ठेवा.

तारखेचं म्हणाल तर जुलै-ऑगस्ट नको. पंचगंगेचं पाणी कधी रस्त्यावर येईल सांगता येत नाही, २०१९ आणि २०२१ आपण सगळ्यांनी बघितलंय. लग्नसराई नको. संक्रांतीनंतरचा रविवार आम्हाला सोयीचा गेला. हवा चांगली असते आणि मुंबईची मंडळी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघून सकाळी उतरतात. रविवारी मटण चालतं, पण त्या दिवशी संकष्टी-एकादशी नाही ना, तेवढं कॅलेंडर बघून घ्या.

जागा तळमजल्यावरची. याबाबतीत कुणाचंही ऐकू नका. २०१६ चा हॉल पहिल्या मजल्यावर होता, लिफ्ट बंद होती, आणि आमच्या चौघींतली एक २२ पायऱ्या एकेक पाय जोडत चढली. वर गेल्यावर अर्धा तास तिच्या तोंडातनं शब्द फुटला नाही. आता आधी जाऊन स्वतः बघायचं: कमोड आहे का, त्याच्या शेजारी धरायला काही आहे का, खुर्च्यांना हात आहेत का. स्टूल आणि बाकं शोभेला ठीक, साठीपुढच्या कंबरेला नाही. साउंड सिस्टिम लावूच नका. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मोठ्या आवाजात आणखी कमी ऐकू येतं, आणि कानाला मशीन लावणारे तर मशीन काढूनच ठेवतात.

स्वागताचं मात्र जपून करा. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस, त्यामुळं कुणीतरी हौसेनं सुचवतंच की बायकांना दारात हळदीकुंकू आणि वाण देऊ. २०१६ ला ते झालं होतं. आमच्यातल्या एकीचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. ताट घेऊन मुली पुढं येताना दिसल्या तशी ती हात धुवायच्या निमित्तानं नळाकडं गेली आणि ताट आत जाईपर्यंत तिथंच उभी राहिली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी ते झालं. आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवांवरच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. एक गाव एवढं करू शकतं, तर एका वर्गाला काय अवघड आहे? या वेळी दारात उभं राहून आम्ही बाई-माणूस न बघता प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवला. जी २०१६ ला नळाकडं गेली होती, तिलाच तिळगुळाचा डबा घेऊन दारात उभं केलं. तिला आधी विचारून.

वर्गणी एकानंच गोळा करायची आणि कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकायची नाही. आम्ही ८०० रुपये ठरवले होते. ज्याला जमत नसेल त्यानं काही सांगायची गरज नाही, बंद पाकिटात असेल ते द्यायचं. कमी पडलेले दोघातिघांनी गुपचूप भरले. ज्याची परिस्थिती बेताची असते तो पैशाचं कारण कधीच सांगत नाही, गुडघ्याचं सांगतो.

जेवणात तांबडा-पांढरा असणारच, तो नसेल तर परगावचे रुसतील. पण आचाऱ्याला दोन गोष्टी बजावून ठेवा: नाश्त्याच्या मिसळीचा कट वेगळा ठेवायचा, आणि जेवणात दहीभात हवाच. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला. इन्सुलिन घेणाऱ्यांना भाषणं संपायची वाट बघायला लावू नका.

आता नुसतं जाणाऱ्यांसाठी. समोर गेल्यावर "ओळखलंस का मला?" असं कुणालाही विचारू नका. कुणाची नजर गेलेली असते, कुणाची आठवण. आपलं नाव आपणच सांगायचं, कुठल्या बाकावर बसायचो ते सांगायचं, मग बोलायचं. दुसरं, मुलं काय करतात, सून बघते का, मिस्टर कसे आहेत, हे तिन्ही प्रश्न पहिल्या तासात नकोत. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. त्यापेक्षा गॅदरिंगमधलं काही विचारा, पावसात गळणाऱ्या वर्गाचं विचारा. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, त्यावर आमच्याकडं तासभर बोलणं झालं. तिथं कोण कुठल्या नाटकाला कुणाबरोबर गेलं होतं हे तेव्हा घरी कळू न दिलेलं सगळं बाहेर आलं.

जुना वर्गाचा फोटो असेल तर तोच घेऊन जा, मोबाइलमधला नको. माझा फोटो २०१९ च्या पुरात ट्रंकेसकट भिजला. पुण्याहून आलेल्या एकानं त्याचा आणला, तर लोक जेवणं सोडून त्याच्यावर वाकले होते.

आणि भाषेची काळजी करू नका. एक मैत्रीण ४० वर्षं मुंबईत राहिलेली, आली तेव्हा "मी आले, मी बसते" असं जपून बोलत होती. मिसळ संपायच्या आत "आलो की मी, जातो काय लगेच" सुरू झालं. आपल्याकडच्या मुली अशाच बोलतात, आणि ते बोलायला तिला इतक्या वर्षांत कुणी भेटलंच नव्हतं.

बाईंना किंवा सरांना बोलावणार असाल तर गाडी पाठवा, त्यांचा कार्यक्रम सगळ्यात आधी घ्या आणि दमायच्या आत घरी सोडा. शाल-श्रीफळ पाच मिनिटांत उरका. बाकीच्यांच्या भाषणांना तीन मिनिटं. ट्रंक कॉलवर तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलून विचारायचो, वाढवायचा का? इथं वाढवायचा नाही.

बाईंकडून भाषण मागण्यापेक्षा हजेरी घ्यायला सांगा. रजिस्टरवरनं आम्ही १९७५ च्या क्रमानं हजेरीपट लिहून काढला होता. गेलेल्या नऊ जणांची नावं त्यातून काढली नव्हती. बाई पंच्याऐंशीच्या पुढच्या, चष्मा वर करून एकेक नंबर आणि नाव वाचत होत्या. गेलेल्याचं नाव आलं की कुणी बोलायचं नाही, बाई थोडं थांबून पुढं जायच्या. एवढं पुरतं, वेगळा श्रद्धांजलीचा कार्यक्रम नको. ४३ नंबरला ती उभी राहिली. सून सोबत आली होती, दारापाशी थांबलेली. "हजर, बाई," असं ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाईंनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "तू तर कधी तोंड उघडत नव्हतीस."

आम्ही ३८ जण होतो, त्यात मुली १७.

जे येऊ शकले नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करायचं काम एकाकडं आधीच देऊन ठेवा. दुपारी चारनंतर, झोप झाल्यावर. १२ नंबर गारगोटीला असते, दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. तिला कार्यक्रम कसा झाला ते ऐकायचं नव्हतं. कोण कुणाशेजारी बसलं होतं, ते तिला क्रमानं हवं होतं. हजेरीपट समोर घेऊन मी एकेक खुर्ची सांगत गेले. तिच्या जागेपाशी आल्यावर तिनं विचारलं, "तिथं कोण बसलं मग?" कुणीच नाही, तिथं पिशव्या ठेवल्या होत्या, असं मी सांगितलं. "बरं केलंसा," ती म्हणाली, आणि मग खिडकीकडच्या बाजूचं विचारायला लागली.