घरचे कागद घरातच ठेवून लावायची सॉफ्टवेअरं, यंदा हाती लागलेली

आधार, पॅन, सातबारा, पोरांचे दाखले, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळंच आता पीडीएफ झालंय. आणि कुठे "2 एमबीच्या आत अपलोड करा" असं आलं की आपण गुगलवर शोधतो, जी पहिली साइट दिसेल तिच्यावर अख्ख्या घराची कुंडली चढवतो आणि मोकळे होतो. तासाभरात डिलीट करतो असं त्या साइटवर लिहिलेलं असतं, करतही असतील, पण बघायला कोण जातंय? म्हणून गेल्या वर्षभरात मी या कामांसाठी आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारी, फुकट आणि लॉगिन न मागणारी टूल्स शोधत गेलो. त्यातली जी टिकली ती कशी वापरायची ते इथे लिहितोय. विंडोज धरून चाललोय, दुसऱ्या कशावर चालत असेल तर तिथल्या तिथे सांगतो.

सगळ्यात जास्त कामाला आलेलं म्हणजे नॅप्स-टू. नावाचा फुलफॉर्म "नॉट अनदर पीडीएफ स्कॅनर" असा आहे, म्हणजे करणाऱ्यालाही कंटाळाच आलेला असणार. प्रिंटरसोबत कंपनीचं जे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर येतं, जे उघडायलाच दोन मिनिटं घेतं आणि मग शाई विकायला लागतं, ते काढून हे टाकायचं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पहिल्यांदा प्रोफाइल बनवायला सांगतं, तिथे ड्रायव्हर विचारेल, डब्ल्यूआयए किंवा ट्वेन, एकाने स्कॅनर दिसला नाही तर दुसरा निवडून बघा. रिझोल्यूशन 300 डीपीआय ठेवा, त्याच्या खाली मराठीच्या मात्रा-वेलांट्या चिकटायला लागतात आणि 600 ला फाइल उगाच फुगते. स्कॅनर नसेल तरी अडत नाही, मोबाइलवर काढलेले फोटो इंपोर्ट करायचे, तिरके आले असतील तर रोटेटच्या मेनूत डेस्क्यू आहे त्याने सरळ होतात. पानं माउसने ओढून मागेपुढे करता येतात, दोनतीन पीडीएफ इंपोर्ट करून एकच सेव्ह केली की झालं मर्ज, त्यासाठी वेगळी साइट नको.

पाठपोट कागदांचा गठ्ठा असेल आणि स्कॅनरला वर कागद ओढून घेणारा ट्रे असेल तर एक मस्त सोय आहे. आधी सगळ्या पुढच्या बाजू स्कॅन करा, मग गठ्ठा तसाच उलटा करून मागच्या बाजू. आता मागच्या बाजू उलट्या क्रमाने आलेल्या असतात, तर रीऑर्डरमध्ये जाऊन "ऑल्टरनेट इंटरलीव्ह" दाबायचं, सगळी पानं एकाआड एक बरोब्बर बसतात. मधलं एखादं पान ट्रेने दोनदा किंवा जोडीने ओढलं असेल तर मात्र पुढचं सगळं घसरतं, म्हणून दाबायच्या आधी पानांचा आकडा सम आहे का तेवढं बघून घ्या.

आता खरी गंमत ओसीआरची, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवायची. वरच्या पट्टीत ओसीआरचं बटण आहे, ते दाबून भाषांच्या यादीतून मराठी डाउनलोड करायची, एकदाच नेट लागतं, मग कायमचं ऑफलाइन. "सर्चेबल पीडीएफ" वर टिक केली की पुढे जी पीडीएफ सेव्ह कराल तिच्यात चित्राखाली लपलेला मजकूर येतो आणि कंट्रोल-एफ मारून मराठीत शोधता येतं. आतमध्ये टेसेरॅक्ट नावाचं इंजिन आहे, मूळचं एचपीच्या लॅबमधलं, 2005 मध्ये ओपन सोर्स झालं, नंतर बरीच वर्षं गुगलने पोसलं. छापील मराठी ते बऱ्यापैकी वाचतं, पण अनुस्वार खातं, रफार इकडचा तिकडे करतं, जोडाक्षरात गडबडतं, त्यामुळे शोधताना पूर्ण शब्द टाकू नका, "हस्तांतरण" शोधायचं असेल तर नुसतं "तरण" टाका, सापडायची शक्यता वाढते. हस्ताक्षरावर वेळ घालवू नका. आणि आजोबांच्या ट्रंकेतल्या मोडी कागदांना तर हे हातच लावू शकत नाही, त्यासाठी मोडी वाचणारा माणूसच गाठावा लागतो.

हीच युक्ती जुन्या फाँटच्या फायलींनाही चालते. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या पीडीएफ आठवा, मंडळाचे अहवाल, सोसायटीची इतिवृत्तं, दिसायला झकास मराठी पण कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कारण त्या फाइलसाठी ती इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी आकार चढवलेले. अशी पीडीएफ नॅप्स-टू मध्ये घेऊन "सेव्ह इमेजेस" करा, म्हणजे नुसती चित्रं उरतील, ती चित्रं परत इंपोर्ट करा आणि मग ओसीआरसकट पीडीएफ सेव्ह करा. आता मजकूर खरा युनिकोड, म्हणजे कुठेही पेस्ट केला तरी मराठीच राहणारा. फाँट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये परिच्छेद परिच्छेद टाकत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, शंभर टक्के शुद्ध नसतं पण शोधायला पुरतं.

2 एमबीची मर्यादा असेल तर कॉम्प्रेस करायच्या भानगडीत पडायच्या आधी इमेज मेनूतून पानं ब्लॅक अँड व्हाइट करा, नुसता मजकूर असलेलं पान एकदम हलकं होतं. फक्त निळा शिक्का किंवा फिकट सही असेल तर ती यात उडू शकते आणि मग खिडकीवरचा माणूस "शिक्का कुठंय" म्हणून परत पाठवतो, अशा पानाला ग्रेस्केलच ठेवा.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा, तो 15 रुपये भरून मिळतो तो, किंवा कुठलीही डिजिटल सहीची पीडीएफ यातून फिरवू नका. नवीन फाइल बनली की ती सही गेली, मग ते नुसतं चित्र. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि कुठे द्यायची झाली तर तीच द्यायची. ई-आधारचंही तसंच, पण तिथे पासवर्डची कटकट असते (नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल), काही पोर्टलं पासवर्डवाली फाइल घेतच नाहीत. तेव्हा क्रोममध्ये पासवर्ड टाकून उघडा, प्रिंट द्या आणि प्रिंटरच्या जागी "सेव्ह अ‍ॅज पीडीएफ" निवडा, बिनपासवर्डची कॉपी तयार. ही कॉपी झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार असेल तर डाउनलोड करतानाच मास्क्ड आधार घ्या, त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात.

फोटो आणि सहीसाठी स्क्वूश. ही वेबसाइटच आहे, गुगल क्रोमच्या टीमने केलेली, पण फोटो कुठे अपलोड होत नाही, सगळं काम ब्राउझरमध्येच होतं. खात्री करायची तर पान उघडून नेट बंद करा, तरी चालतं. परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना फोटो 20 ते 50 केबी आणि सही 10 ते 20 केबी लागते, फोटोचा आकार 200 बाय 230 पिक्सेल. तर फोटो आधी त्या प्रमाणात क्रॉप करून घ्या, कारण स्क्वूश क्रॉप करत नाही, मग तिथे टाका, उजवीकडे रिसाइझ चालू करून रुंदी-उंची भरा, खाली मॉझजेपेग (जेपीजीच बनवतं ते) ठेवून क्वालिटीची पट्टी सरकवा, साइज तिथल्या तिथे बदलताना दिसते. फार खालीही नेऊ नका, फोटो 20 केबीच्या खाली गेला तरी फॉर्म नाकारतो. एका वेळी एकच फोटो होतो, लग्नाचा अल्बम छोटा करायला हे नाही.

एवढे कागद झाले की ते सापडायला हवेत. विंडोजचा स्वतःचा सर्च म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीय, हिरवी पट्टी सरकत राहते आणि आपण चहा करून येतो. व्हॉइडटूल्सचं एव्हरीथिंग टाका. ते ड्राइव्हची जी मूळ यादी असते तीच वाचतं, त्यामुळे अक्षर टाइप करायचा अवकाश की यादी समोर. एरवी ते फक्त फाइलच्या नावात शोधतं, आतल्या मजकुरात नाही, म्हणून नावं नीट द्यायला हवीत. मी आधी साल, मग काय, मग कुणाचं अशी ठेवतो, "2019 वीजबिल गावचं घर", आणि शोधताना "वीज गाव" टाकलं तरी येतं, शब्द कुठल्याही क्रमाने चालतात. आकडे मात्र कायम एकाच लिपीत, नावात २०१९ लिहून 2019 शोधलंत तर मिळणार नाही. मराठी टाइप करायला काही उतरवायची गरज नाही, विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, सेटिंगच्या भाषांमध्ये मराठी जोडून तो निवडायचा आणि विंडोज-स्पेस दाबून भाषा बदलायची. एव्हरीथिंगमध्ये साइजच्या कॉलमवर क्लिक करून डिस्क कुणी भरलीय तेही लगेच कळतं, बहुतेक वेळा एखादं विसरलेलं बारशाचं व्हिडिओ शूटिंग निघतं. मॅकवाल्यांना हे नाही, पण त्यांचा स्पॉटलाइट तसाही बरा आहे.

शेवटचं लोकलसेंड, मोबाइलवरून कॉम्प्युटरवर फाइल न्यायला. स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करणं बंद करा, तिथे फोटो दाबला जातो आणि मग ओसीआरला काही वाचता येत नाही. दोन्हीकडे लोकलसेंड टाका (अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे आहे), दोन्ही एकाच वायफायवर ठेवा, सेंडमध्ये गेलं की समोरचं यंत्र दिसतं, नावं कुठल्यातरी फळावरून स्वतःच ठेवतं ते, सेटिंगमध्ये बदलून "आईचा फोन" करून टाका म्हणजे घरात गोंधळ नाही. नेट नसलं तरी चालतं, वायफाय नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून दुसरा त्याला जोडा. यंत्र दिसलंच नाही तर बहुतेक वेळा विंडोजने घरच्या वायफायला "पब्लिक" धरलेलं असतं, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन "प्रायव्हेट" करा. तरी नाही दिसलं तर एक यंत्र राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर आहे का बघा, गेस्टवाल्यांना राउटर बहुतेक एकमेकांशी बोलू देत नाही. आणि ही सगळी सॉफ्टवेअरं त्यांच्या मूळ साइटवरून किंवा स्टोअरवरूनच घ्या, गुगलमध्ये वर "जाहिरात" लिहिलेली लिंक असते तिच्यावरून नाही.