वहीतून निघून गेलेला माणूस कुठे जातो?

ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्रात, म्हणजे जुन्या नोंदींवरून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर अभ्यासण्याच्या शास्त्रात, येऊ पाहणारे विद्यार्थी मला बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात, "गणित किती लागतं?" लागतं, पण मी अडले ती गणितावर नाही.

पहिल्याच वर्षी मी एका गावच्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्यांवरून अर्भक मृत्युदर काढला, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत किती मुलं दगावली ते. तो आजूबाजूच्या सगळ्या गावांपेक्षा कमी आला. मला फार आनंद झाला. इथलं पाणी चांगलं असेल, आया जास्त काळ अंगावर पाजत असतील, असं बरंच काही मी लिहूनही टाकलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मसुदा वाचला आणि एवढंच विचारलं, "ज्या मुलांच्या दफनाची नोंद नाही ती जगली, हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. त्यातली बरीच कुटुंबं मूल वर्षाचं व्हायच्या आतच गाव सोडून गेली होती. मूल दुसऱ्या गावी जाऊन दगावलं, तर त्याचं दफन तिथल्या वहीत. माझ्या वहीत ते कायमचं जिवंत.

हिशेब करून बघा. समजा, १०० मुलं जन्मली, वर्षाच्या आत १२ दगावली आणि २० मुलं मध्येच कुटुंबाबरोबर निघून गेली. १२ भागिले १०० केलं की हजारी १२० येतात. पण ती २० मुलं सरासरी अर्धंच वर्ष आपल्या नजरेखाली होती, म्हणून छेदात ती १० धरायची. १२ भागिले ९०, म्हणजे हजारी १३३. हाही ढोबळच हिशेब झाला, कारण अर्भकांचे मृत्यू पहिल्या काही आठवड्यांत एकवटलेले असतात. मूल विसाव्या दिवशी गाव सोडून गेलं की दहाव्या महिन्यात, यानं उत्तर बदलतं. म्हणून खरं काम दिवसांत मोजून होतं. सर्व्हायव्हल ॲनालिसिस (कोण किती काळ जगलं याचं विश्लेषण) आणि सेन्सॉरिंग (शेवट कळायच्या आत माणूस नजरेआड होणं) हे शब्द पुढे सतत भेटतील. त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे: हा माणूस कधीपासून कधीपर्यंत आपल्याला दिसत होता?

आरोग्य, मृत्यू आणि स्थलांतर हे तीन वेगळे विषय आहेत, असं पुस्तकांच्या प्रकरणांवरून वाटतं. नोंदींत ते एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते या शास्त्राच्या जन्मापासून. लंडनमधले दफनांचे साप्ताहिक तक्ते घेऊन जॉन ग्राँटनं १६६२ साली पुस्तक छापलं. त्याला दिसलं की शहरात बाप्तिस्म्यांपेक्षा दफनं जास्त आहेत, तरी शहर वाढतंच आहे. म्हणजे बाहेरून माणसं येत असणार. येणाऱ्यांची एकही नोंद हातात नसताना त्यानं स्थलांतर शोधलं, ते मृत्यूंच्या आकड्यांतून. मी आजही नव्या विद्यार्थ्याला आधी हे सांगते.

त्यामुळे कुठलाही डेटा हातात आला की आधी विचारा, ही वही गाव सोडणाऱ्याची नोंद ठेवते का? स्वीडनमध्ये पाद्री घरोघरच्या माणसांची यादी ठेवत आणि कोण आलं, कोण गेलं तेही लिहीत. शिवाय १७४९पासून तिथे देशभरची लोकसंख्येची आकडेवारी गोळा होऊ लागली. उमिओ आणि लुंड इथल्या विद्यापीठांनी अशा नोंदी जोडून माणसांचे अख्खे जीवनक्रम उभे केलेत. इंग्लंडच्या पॅरिश वह्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या नोंदवह्यांत, मात्र बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढंच. माणूस गाव सोडून गेला, तर तो गप्पच होतो.

यावर फ्रान्सचे लोकसंख्याशास्त्रज्ञ लुई आंरी यांनी १९५०च्या दशकात शिस्त घालून दिली. कुटुंबाची पुनर्रचना करताना, म्हणजे सुट्या नोंदी जोडून एकेक कुटुंब उभं करताना, ते कुटुंब त्या काळात गावातच होतं, याचा पुरावा असेल तरच त्याला मोजणीत घ्यायचं. पुढच्या मुलाचा बाप्तिस्मा हा असा पुरावा. केंब्रिजमध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या संशोधन गटानं ही पद्धत इंग्लंडच्या नोंदींवर वापरली. पद्धत भक्कम आहे, पण तिची किंमत मोजावी लागते: हाती उरतात ती मुख्यतः जागेवर राहिलेली माणसं. जे हलले त्यांचं आरोग्य यांच्यासारखंच होतं असं धरून चालणं मला तरी धोक्याचं वाटतं. दूर जाणारे बहुधा तरुण आणि धडधाकट असतात, त्यामुळे नव्या ठिकाणी त्यांचा मृत्युदर सुरुवातीला कमी दिसतो. उलट काही जण आजारी पडल्यावर मूळ गावी परततात आणि तिथेच मरतात, त्यामुळे शहराचे मृत्यू गावाच्या खात्यावर चढतात. पहिल्याला निरोगी स्थलांतरिताचा परिणाम म्हणतात आणि दुसऱ्याला, जन्मस्थळी परतणाऱ्या सामन माशावरून, सामन बायस. आणि स्थलांतर म्हटलं की फक्त समुद्रापार गेलेली जहाजं डोळ्यांसमोर आणू नका. स्थलांतराचे नियम मांडणाऱ्या रेव्हनस्टाइन या भूगोलतज्ज्ञानं १८८५ सालीच दाखवलं होतं की बहुतेक जण जवळच्या जवळ हलतात आणि अशा छोट्या अंतरांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. वहीतून गळणाऱ्यांत म्हणूनच मोलकरणी आणि लग्न होऊन गेलेल्या मुली फार.

आता नोंदी वाचण्याबद्दल. इथे घाई अजिबात करू नका. एका इंग्लिश वहीत मला एका मुलाचा बाप्तिस्मा डिसेंबर १७१५ मध्ये दिसला आणि त्याचं दफन फेब्रुवारी १७१५ मध्ये. जन्माच्या आधी मृत्यू! मी ती नोंद चुकीची समजून बाजूला काढणार होते. पण इंग्लंडमध्ये १७५२पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे डिसेंबर १७१५ नंतर येतो तो फेब्रुवारी १७१५च. मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं होतं. मी अशा नोंदी गाळल्या असत्या, तर नेमकी हिवाळ्यात दगावलेली तान्ही मुलंच माझ्या डेटातून नाहीशी झाली असती.

दुसरा चकवा नावांचा. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची रीत अनेक ठिकाणी होती. दफनाच्या नोंदीत वय नसेल, तर गेलेला पहिला की दुसरा? संगणकाला नोंदी जोडायला लावलं, तर तो एक उत्तर निवडून मोकळा होतो. तुम्ही निदान पहिली पन्नास कुटुंबं हातानं कागदावर जोडा. वेळ जातो, पण पुढे कुठला निकाल संशयास्पद आहे हे कळायला लागतं. बाप्तिस्म्याआधीच गेलेली बाळं तर कित्येकदा कुठल्याच वहीत नसतात.

मृत्यूच्या कारणांचं तर वेगळं जगच आहे. 'आकडी', 'दात येणे', 'अशक्तपणा' ही कारणं वहीत ओळीनं दिसतात. त्यांना सरसकट आजच्या आजारांची नावं देऊ नका. ग्राँटच्या काळी कारण ठरवायला वयस्क बायका प्रेत पाहून येत. पुढे इंग्लंडच्या विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकात मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण बसवलं, १८९३ साली फ्रान्सच्या बर्तियाँचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मान्य झालं. म्हणजे शब्द बदलले, सांगणारे बदलले, रोग कदाचित तोच. एखाद्या दशकात 'आकडी' घटली आणि 'अतिसार' वाढला, तर साथ आली की लिहिणारा बदलला, हे आधी तपासा. जुन्या शब्दांसाठी खास आयसीडी-१०-एच ही कोडिंग पद्धत (आजच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणावर बेतलेली) तयार झाली आहे, तिची ओळख लवकर करून घ्या. पण मूळ शब्दाचा रकाना कधीही पुसू नका.

कौशल्यांचं थोडक्यात सांगते. आर किंवा स्टाटा या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरपैकी एक नीट, डेटाबेस हाताळायला थोडं एसक्यूएल, आणि ज्या भाषेतल्या नोंदी आहेत ती वाचण्यापुरती. हस्तलेखन वाचायला ट्रान्स्क्रिबस या सॉफ्टवेअरची मदत होते, तपासणी मात्र आपणच करायची. सरावाला आयपम्स या डेटासंग्रहातल्या जुन्या जनगणना आणि ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस हा मृत्यूंच्या आकडेवारीचा संग्रह नोंदणी करून मोफत मिळतात. स्वीडनची मृत्युसारणी (वयानुसार मृत्यूंचा तक्ता) या दुसऱ्या संग्रहात १७५१पासून आहे. नोकऱ्या मोजक्या असतात आणि बहुतेक ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर, हे आधीच माहीत असू द्या. पण हेच शिकलेले माझे सोबती आज सार्वजनिक आरोग्य आणि सरकारी सांख्यिकीत चांगलं काम करत आहेत. कोहॉर्टमधून, म्हणजे पाठपुराव्याखालच्या गटातून, गळणारी माणसं त्यांनाही रोज भेटतात.

बाईंच्या त्या प्रश्नानंतर मी शेजारच्या तीन गावांच्या वह्या उघडल्या. माझ्या यादीत 'हयात' म्हणून लिहिलेली एक मुलगी दुसऱ्या वहीत सापडली. आईवडिलांची नावं तीच, बापाचा धंदा तोच. वय सात महिने, कारणापुढे फक्त 'खोकला'. मी तिच्या नावापुढची खूण बदलली आणि पुढच्या कुटुंबाकडे वळले. सगळी कुटुंबं तपासायला चार महिने लागले.